शस्त्रक्रियेनंतरचे बालक आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक सत्रात केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, शेतीतील सुधारणा अशा विषयांवर विचार मांडले जातात. ह्या वर्षी आम्ही जो विषय निवडला आहे, तो ऐकून काही मंडळींस संकोच वाटेल, आणि तो सभेत बोलण्याजोगा आहे काय, असाही प्रश्न कोणाच्या मनात येईल. जे बालक आतड्याचा दोष घेऊनच जन्मास येते, ज्याच्यावर शस्त्रक्रिया होते, जे वाचते, आणि त्यानंतर शौचावर ताबा मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे झगडते, त्या बालकाविषयी आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत. शौचाची गोष्ट घरात दबक्या आवाजात बोलतात आणि घराबाहेर बोलतच नाहीत. परंतु ह्या मौनाचा भार अखेर त्या मुलाच्याच डोक्यावर येतो, म्हणून आज तो विषय सर्वांसमोर ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हा विकार म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण खाल्लेले अन्न आतड्यांतून पुढे सरकते ते आपल्या भाराने नव्हे. आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंच्या सूक्ष्म पेशींचे जाळे असते, आणि त्यांच्या आज्ञेने आतड्यांचे स्नायू आळीपाळीने आवळतात व सैल पडतात. गर्भावस्थेच्या साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यांच्या काळात ह्या पेशी वरून खाली, म्हणजे अन्ननलिकेकडून गुदद्वाराच्या दिशेने, प्रवास करीत जातात. एखाद्या गर्भात हा प्रवास वाटेतच थांबतो. पेशी जेथवर पोहोचल्या तेथवर आतडे आपले काम करते. त्याखालचा भाग सैल पडणे जाणतच नाही, तो आवळलेलाच राहतो. पाटाच्या खालच्या टोकाला तोंड बुजले म्हणजे पाणी वरच्या बांधीत तुंबते, तद्वत मळ व वायू वरच्या निरोगी आतड्यात साचतात आणि अर्भकाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते. पाचांपैकी चार मुलांत हा दोष गुदाशय व त्यालगतचे आतड्याचे शेवटचे वळण इतक्यापुरताच असतो. थोड्यांत तो वरपर्यंत पसरलेला असतो. मुलींपेक्षा मुलांत हा विकार सुमारे चौपट आढळतो.

ह्या विकारास हिर्शस्प्रुंगचा रोग असे म्हणतात. कोपनहेगन येथील राणी लुईझे बालरुग्णालयातील वैद्य हाराल्ड हिर्शस्प्रुंग ह्यांनी १८८६ साली बर्लिनच्या वैद्यकपरिषदेत अशा दोन अर्भकांची हकीकत मांडली, त्यावरून हे नाव पडले. त्यांनी रोगाचे वर्णन अचूक केले, परंतु कारण त्यांस उमगले नाही. त्यापुढची सुमारे साठ वर्षे बहुतेक शल्यचिकित्सक फुगलेले आतडे हेच रोगट समजत राहिले. तेच कापून काढीत आणि मुले पुन्हा पूर्ववत आजारी पडत. बॉस्टन येथील ऑर्वर स्वेन्सन ह्यांनी ओळखले की दिसावयास धडधाकट असा जो खालचा बारीक भाग, दोष तेथेच आहे. तो भाग काढून वरचे निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी व अलेक्झांडर बिल ह्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केली. पुढे १९५६ साली फ्रान्सचे ड्यूआमेल ह्यांनी व १९६०च्या दशकात इटलीचे सोआवे ह्यांनी तिच्यात निरनिराळे बदल सुचविले. १९९८ साली मेक्सिकोतील शल्यचिकित्सकांनी पोट न उघडता गुदद्वाराच्या वाटेनेच हे काम करण्याची रीत दाखविली. आज योग्य वेळी निदान झालेल्या पुष्कळ बालकांची शस्त्रक्रिया एकाच टप्प्यात होते. ज्यांचे पोट फार फुगलेले असते किंवा प्रकृती क्षीण असते, त्यांच्या पोटावर काही महिन्यांपुरती मळाची वाट काढून देतात, जिला कोलोस्टोमी म्हणतात, आणि मूल सावरल्यावर मुख्य शस्त्रक्रिया करतात.

आपल्या भागात अशी बालके किती असतील? साधारणपणे ५,००० जन्मांमागे एक असे ह्या विकाराचे प्रमाण मानतात. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७ व गडचिरोलीची १०,७२,९४२ होती. हजारी सुमारे १५ जन्म धरले, तर ह्या दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास बालके जन्मतात, आणि त्यांत असे बालक दरवर्षी दहाच्या सुमारास असावयास हवे. गुदद्वारच जन्मतः नसणे किंवा भलत्या ठिकाणी असणे हा दुसरा दोषही जवळजवळ तितक्याच प्रमाणात आढळतो, आणि शस्त्रक्रियेनंतर त्या मुलांचे प्रश्नही पुष्कळसे असेच असतात. म्हणजे दहा वर्षांत दोन्ही मिळून दोनशेच्या घरात. हा आमचा ढोबळ हिशेब आहे. परंतु प्रश्न दूरदेशीचा नाही एवढे त्यावरून कळावे. मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शी, एटापल्ली, कुठल्याही तालुक्यात असे एखादे घर असणारच. ते बोलत नाही, इतकेच.

निदानाची पहिली खूण घरच्या बायांच्या डोळ्यांसमोर असते. पूर्ण दिवसांचे निरोगी अर्भक बहुधा जन्मानंतर २४ तासांत पहिली काळी शी करते, आणि ४८ तासांत तर जवळजवळ सगळीच करतात. दोन दिवस उलटूनही काळी शी झाली नाही, पोट फुगत चालले, हिरवी ओकारी झाली, तर ते बालक त्याच दिवशी रुग्णालयात गेले पाहिजे. काहींत ही खूण सौम्य असते, आणि जन्मापासूनचा हट्टी मलावरोध व फुगलेले पोट एवढेच पुढे दिसत राहते. अशा वेळी एरंडेल पाजणे, घुटी देणे, पोटावर बिब्बा लावणे ह्यांत जो वेळ जातो, तो बालकाच्या आयुष्यातून जातो. आपल्याच विदर्भातील मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग देण्याची जुनी रीत अद्याप ऐकू येते. त्या डागाने वेदनेत भर पडते. आत तुंबलेला मळ तसाच राहतो. दोषाची खात्री मोठ्या आतड्याचा औषध भरून घेतलेला क्ष-किरण व गुदाशयाचा अगदी लहानसा तुकडा काढून केलेली तपासणी, म्हणजे बायॉप्सी, ह्यांनी होते.

ह्या बाबतीत आपला गडचिरोली जिल्हा मागासलेला म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ह्याच जिल्ह्यातील खेड्यांत गावच्याच शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूतांकडून नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पुढे देशभर आशाताई जन्मानंतर ठराविक दिवशी घरी येऊन बाळ तपासतात, ह्या पद्धतीमागे त्या प्रयोगाची पुण्याई आहे. आशाताई आल्या म्हणजे बाळाचे वजन विचारतो, तसेच पहिली शी केव्हा झाली तेही घरच्यांनी आपण होऊन सांगितले पाहिजे.

येथवर जे सांगितले ते शस्त्रक्रियेपर्यंतचे झाले. घरोघरी समज असा असतो की टाके सुकले, मुलाने शी केली, नारळ फोडला, काम संपले. आमचे आजचे मुख्य म्हणणे हे आहे की काम तेथे संपत नाही. शस्त्रक्रियेने मुलाचा जीव वाचतो. त्याचे जगणे इतरांसारखे होण्यासाठी पुढची दहा-बारा वर्षे घराची, शाळेची आणि समाजाची साथ लागते. स्वेन्सन ह्यांच्या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या ८८० रुग्णांचा चाळीस वर्षांचा आढावा निरनिराळ्या देशांतील शल्यचिकित्सकांनी मिळून १९८९ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर अशा मुलांच्या पुढील आयुष्याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे, आणि त्यावरून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत.

पहिली गोष्ट आतड्याच्या दाहाची. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी काही मुलांच्या आतड्यांस अकस्मात दाह होतो. पोट फुगते, पातळ दुर्गंधीयुक्त शी जोराने होते, ताप येतो, मूल मलूल पडते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ह्याचा धोका अधिक. क्वचित पुढेही होतो. बाहेरून पाहणाऱ्यास ही साधी हगवण वाटते, आणि येथेच घात होतो. साध्या हगवणीत मीठ-साखरेचे पाणी पाजून दोन दिवस वाट पाहणे चालते. ह्या मुलाच्या बाबतीत एक रात्रही वाट पाहू नये. शिरेतून पाणी, योग्य प्रतिजैविके व नळीने आतडे धुणे हे उपचार वेळीच झाले तर मूल सावरते, उशीर झाला तर हाच दाह प्राण घेतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा गावांतील घरांनी तर आभाळ भरून येण्याआधीच जवळच्या वैद्यांशी बोलून ठेवले पाहिजे. हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचे रुग्णालय १९७३ पासून त्या भागाचा आधार आहे. त्यांस किंवा आपल्या ग्रामीण रुग्णालयास मुलाची पूर्वपीठिका आधीच ठाऊक असली, तर आणीबाणीच्या रात्री सगळे पहिल्यापासून सांगत बसावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मलावरोधाची. शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांस शी कठीण होते, चार-चार दिवस होत नाही. त्याची कारणे एकच नसतात. कोठे जोड आकसलेला असतो, कोठे दोषयुक्त आतड्याचा अंश राहून गेलेला असतो, कोठे गुदद्वाराचा स्नायू सैल पडत नाही, आणि कोठे दुखेल ह्या भीतीने मूलच शी दाबून धरते. कारण निराळे तसा उपाय निराळा. म्हणून दुकानातून जुलाबाची बाटली आणून दरमहा पाजत राहणे हा उपाय नव्हे. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांस किंवा दुसऱ्या बालशल्यचिकित्सकास दाखवून कारण शोधून घ्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत अधिक लपविली जाते, ती म्हणजे नकळत कपड्यांस मळ लागणे. निरनिराळ्या रुग्णालयांचे आकडे निरनिराळे आहेत. परंतु शाळकरी वयात ही तक्रार दुर्मिळ मुळीच नाही. काही आढाव्यांत निम्म्याहून अधिक मुलांत ती कमी-अधिक प्रमाणात आढळली आहे. ह्याचेही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात आत मळ साचून त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. येथे साचलेला मळ मोकळा करणे हा उपाय. दुसऱ्या प्रकारात आतडे भराभर रिकामे होते व धरून ठेवण्याची शक्ती अपुरी पडते. येथे आहार व औषध ह्यांनी गती मंद करावी लागते. पहिल्याचे औषध दुसऱ्यास दिले तर त्रास दुणावतो. घरच्यांनी आपल्याच मनाने उपचार करू नयेत ते ह्यासाठी. कोणताही प्रकार असला तरी एक गोष्ट समान आहे: ते मूल आळशी नाही, घाणेरडे नाही, हट्टीही नाही. त्यास कळतच नाही, किंवा कळते तोवर उशीर झालेला असतो. त्यास मारून शिस्त लावणे म्हणजे लंगड्यास धावत नाही म्हणून मारणे होय.

आता आशेची बाजू सांगतो. वय वाढते तसा बहुतेक मुलांचा ताबा सुधारत जातो, विशेषतः बारा-तेरा वर्षांनंतर. फिनलंडमध्ये बालपणी शस्त्रक्रिया झालेली माणसे प्रौढ झाल्यावर त्यांची विचारपूस करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा शौचावरील ताबा इतरांच्या तुलनेत काहीसा उणा आढळला, तरी बहुतेकांनी आपले सामाजिक जीवन नीट सांभाळले होते. थोड्यांचा त्रास मात्र प्रौढपणीही राहतो, हेही सांगितले पाहिजे. ज्या मुलांस ह्या विकाराबरोबर डाउन सिंड्रोम असतो, त्यांस शिकण्यास अधिक काळ लागतो. एकंदरीत पाहता पाच वर्षांच्या मुलाची जी अवस्था दिसते, तीच त्याची जन्माची अवस्था असे समजून कोणी धीर सोडू नये.

ह्या मधल्या वर्षांत घराने करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की प्रत्येक मुख्य जेवणानंतर त्यास दहा-पंधरा मिनिटे शौचास बसवावे. जेवण पोटात जाताच मोठे आतडे आपोआप जागे होते, त्या निसर्गाच्या संधीचा हा उपयोग आहे. बसताना पाय टेकलेले असावेत. आपली उकिडवे बसण्याची पद्धत ह्यास चांगली, आणि खुर्चीसारखे शौचपात्र असेल तर पायाखाली पाट ठेवावा. शी कितीदा झाली, कशी झाली, कपडा केव्हा खराब झाला ह्याची नोंद एका वहीत ठेवावी. वैद्यास त्या वहीचा जितका उपयोग होतो तितका आठवणीने सांगितलेल्या गोष्टींचा होत नाही. आहाराचा नियम सर्वांस एक नाही. मलावरोधाच्या मुलास भाजीपाला, फळे, भरपूर पाणी हितकर. ज्याचे आतडे घाईने रिकामे होते त्यास आपला झाडीपट्टीतील रोजचा भातच मानवतो. काही मुलांस दररोज ठराविक वेळी एनिमा देऊन आतडे रिकामे करावे लागते, म्हणजे शाळेचे सहा तास निर्धास्त जातात. तो मीठपाण्याचा असतो, आणि त्याचे प्रमाण शल्यचिकित्सकांनी ठरवून द्यावयाचे असते. नुसते साधे पाणी मोठ्या प्रमाणात चढविणे धोक्याचे आहे. ज्यांस गुदद्वारावाटे रोज एनिमा सोसत नाही, त्यांच्यासाठी पोटावर लहानसे छिद्र करून वरून पाणी सोडण्याची रीत इंग्लंडमधील मॅलोन ह्यांनी १९९० साली दाखविली, आणि तिचा लाभ अनेक मुलांस झाला आहे.

ज्यांच्या पोटावर काही काळ कोलोस्टोमी असते, त्यांच्या मातांस एवढेच सांगावयाचे की त्या लालसर तोंडास भिऊ नये. ते आतड्याचे अस्तर आहे, त्यास स्पर्शाने दुखत नाही. भोवतालची कातडी कोरडी ठेवावी, शिकविल्याप्रमाणे मलम लावावे. पिशवी न मिळाल्यास जुन्या लुगड्याचे धुतलेले मऊ तुकडे वापरून अनेक मातांनी मुले वाढविली आहेत. आतडे बाहेर अधिक येऊ लागले, काळसर पडले किंवा मळ थांबला, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आता समाजाकडे वळू. आमच्या माहितीतील एक हकीकत नावगाव गाळून सांगतो. अकरा वर्षांचा एक मुलगा, अभ्यासात हुशार, घरापासून दूर एका वसतिगृहात राहावयास गेला. तान्हेपणी त्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि दिवसातून एखादे वेळी कपडा खराब होई. वडिलांनी प्रवेशाच्या वेळी हे सांगितले नाही, कारण सांगितले तर प्रवेश मिळणार नाही अशी त्यांस धास्ती. अधीक्षकांनीही विचारले नाही, कारण अर्जात तसा रकाना नव्हता. शौचालये अंगणाच्या टोकाला होती आणि रात्री दाराला कुलूप असे. पहिल्याच महिन्यात खोलीतील मुलांनी त्यास एक टोपणनाव दिले. ते येथे उच्चारण्यासारखे नाही. पकडले जाऊ नये म्हणून त्याने संध्याकाळचे जेवण सोडले. दिवाळीच्या सुटीत तो घरी आला तो परत गेला नाही. रोवणीच्या दिवसांत आम्ही त्यास बांधीत पाहिले, तेव्हा त्याच्या इयत्तेची मुले शाळेत होती. शल्यचिकित्सकांनी त्याचे आतडे जोडून दिले होते, ते चांगले जोडले होते. त्याची शाळा मात्र तुटली. ती तुटली त्यात आतड्याचा वाटा थोडा होता. एक कुलूप, एक टोपणनाव आणि मोठ्या माणसांचा संकोच ह्यांनी ती तोडली.

तशीच गोष्ट त्या मुलाच्या आईची. बाळ असे जन्मले की ग्रहणात बाहेर पडली होतीस, अमुक खाल्लेस, तुझ्या माहेरच्या रक्ताचा दोष, असे बोल सुनेस ऐकावे लागतात. वस्तुस्थिती अशी आहे की ह्या विकाराचा संबंध काही जनुकांशी आहे, त्यांपैकी प्रमुख जनुक १९९४ साली ओळखले गेले, आणि जनुके बाळास मातापिता दोघांकडून मिळतात. ग्रहणाचा, खाण्याचा वा कोणाच्या दृष्टीचा त्याशी संबंध नाही. अशा मुलाच्या पाठच्या भावंडास हा विकार होण्याचा संभव सरासरीने शंभरांत चार इतका असतो. दोष आतड्याच्या लांब भागात असेल तर अधिक. म्हणून पुढचे बाळंतपण रुग्णालयातच करावे आणि जन्मताच वैद्यास पूर्वीची गोष्ट सांगावी. उरलेली भावंडे बहुधा निरोगीच असतात.

विवाहाचा प्रश्नही टाळता येत नाही, कारण आपल्या मंडळाचे वधूवर मेळावे भरतात आणि तेथे अशा गोष्टी झाकल्या जातात. पोटावरील व्रणाविषयी विचारले तर अपेंडिक्सचे सांगतात. आमचे मत स्पष्ट आहे. शस्त्रक्रिया झालेला तरुण वा तरुणी नोकरी, शेती, संसार हे सारे सामान्यतः करू शकतात. अपत्यास विकार होण्याचा संभव इतरांहून अधिक असला, तरी बहुतेकांची अपत्ये निरोगी असतात, आणि ह्याविषयी जाणत्या वैद्याचा सल्ला विवाहापूर्वी घेता येतो. सत्य आधी सांगून जुळलेले लग्न टिकते, मागाहून कळलेले सत्य घर मोडते. परंतु सत्य सांगणाऱ्याचे स्थळ जर आपण परत पाठवू लागलो, तर खोटे बोलण्यास आपणच शिकविले असे होईल.

उपचाराच्या सोयी पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. चंद्रपूरला २०१५ साली व गडचिरोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी लहान मुलांच्या अशा नाजूक शस्त्रक्रियेसाठी आजही बहुतेक कुटुंबांस नागपूर किंवा वर्धा गाठावे लागते, आणि सिरोंचाकडील मंडळी प्राणहिता ओलांडून तेलंगणात जातात. खर्चासाठी शासनाची आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव आहे. रुग्णालयात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राची खिडकी विचारावी. परंतु योजनेने शस्त्रक्रिया झाली तरी पुढची पाच-दहा वर्षे तपासणीसाठी करावयाचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि शहरातील रात्रीचा मुक्काम ह्यांचा भार घरावरच पडतो. मूल बरे दिसते, पेरणी तोंडावर असते, तारीख चुकते. एकदा चुकली की मग कायमचीच चुकते. शस्त्रक्रिया झालेली मुले वैद्यांच्या नजरेआड होतात ती बहुधा अशी.

म्हणून मंडळापुढे आम्ही पाच सूचना ठेवतो. एक, ज्ञातीच्या प्रत्येक वसतिगृहात रात्री उघडे राहणारे, आतून कडी व पाणी असलेले एक तरी शौचालय खोल्यांजवळ असावे. त्याचा लाभ सर्वच मुलांस होईल. दोन, प्रवेशअर्जाबरोबर आरोग्याचा एक बंद लिफाफा घ्यावा, जो केवळ अधीक्षकांनी वाचावा, आणि त्यातील मजकुरावरून प्रवेश नाकारला जाणार नाही असा ठराव मंडळाने करावा. तीन, शिष्यवृत्ती निधीतून अशा मुलांच्या वार्षिक तपासणीचा प्रवासखर्च द्यावा; नागपुरातील ज्ञातिबांधवांनी एका रात्रीचा निवारा व सकाळी रुग्णालयापर्यंत सोबत द्यावी, कारण नवख्या माणसास रुग्णालयाच्या रांगेत पैशाहून सोबतीची गरज अधिक असते. चार, महिला शाखेने पहिल्या ४८ तासांची खूण प्रत्येक गर्भवतीच्या घरी पोहोचवावी. पाच, प्रत्येक कुटुंबाने मुलाचे शस्त्रक्रियेचे कागद, बायॉप्सीचा अहवाल व डिस्चार्ज कार्ड शिधापत्रिकेजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावे. कोणती शस्त्रक्रिया झाली, केव्हा झाली, किती आतडे काढले, हे वीस वर्षांनंतरच्या वैद्यासही लागणार आहे, आणि तोवर आईवडिलांच्या स्मरणावर भिस्त ठेवता येत नाही.

ह्यांपैकी एकही सूचना अशी नाही की जिच्यासाठी मोठी देणगी लागावी. कुलूप काढण्यास खर्च येत नाही. लिफाफ्यास येतो तो एका रुपयाचा. आपल्या पूर्वजांनी वसतिगृहे काढली ती खेड्यातले पोर शिकावे म्हणून. त्या पोरांत हेही एक पोर आहे, आणि त्यास इतरांहून थोडी अधिक सवड हवी आहे, एवढेच आमचे मागणे आहे. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत हे पाच मुद्दे विषयपत्रिकेवर यावेत, अशी अध्यक्ष महाराजांस विनंती आहे.